आधी सापडली ती सुमन

चिंताकीच्या सुमनला तिच्या सासरच्यांनी घराबाहेर काढलं ते नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. ‘काढलं’ असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. पंचमीला लेकी माहेरी जातात तशी तीही भावाबरोबर निघाली. सासूनं ओटी भरली, शेजारणींनी ‘लवकर ये’ म्हणून सांगितलं. फक्त चिटगुप्प्याच्या बसस्टँडवर बीदरच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एका माणसानं आधी तिच्या पेटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, “अक्का, सण तीन दिसाचा. स्वेटर कामून भरून दिलाय?” पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं आणि फटीतून लोकरीची बाही बाहेर आली होती. श्रावणात. सुमननं बाही आत ढकलली, आणि आपल्याला न्यायला आता कोणी येणार नाही हे तिला त्या क्षणी कळलं. पेटी तिनं भरली नव्हती, सासूनं भरली होती. हा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात. आणि मी लिहून द्यायला तयार आहे की भीमेपासून मांजरेपर्यंत एवढा विक्षिप्त, एवढा डोकं उठवणारा आणि एवढा सरळ माणूस दुसरा नाही. तिन्ही गोष्टींचा मला भरपूर त्रास झालेला आहे.

मामा सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. सरकारी नोकरीत राहून लोकांचं रक्त काढणारे पुष्कळ असतात, सुईनं काढणारे मामा एकटेच. नोकरीनं त्यांना एक वेड दिलं: प्रत्येक वस्तूवर ती कधी उघडली त्याची चिठ्ठी लावायची. त्यांच्या घरात मिठाच्या बरणीवर चिठ्ठी, लोणच्यावर चिठ्ठी, टूथपेस्टवर चिठ्ठी. पाहुणा म्हणून गेलात आणि बिस्किटाचा पुडा अर्धा ठेवून उठलात, तर तुमच्यासमोर त्याच्यावर दिवस आणि वेळ लिहिली जाते. एकदा आत्या वैतागली. “अवो, माझ्या कपाळावर बी एक चिटकवा, कवा उघडली ते!” मामा शाईचा पेन झटकत शांतपणे म्हणाले, “तुझ्यावर झाकनच न्हवतं कधी.” दोन दिवस जेवण बाहेरून आणावं लागलं, आणि त्या डब्यावरही चिठ्ठी होती.

पण चिठ्ठी नसलेल्या गोष्टीचं वय ओळखणं ही त्यांची खरी हौस. त्याची रीत एकच. गोष्टीत फरक किती पडलेत ते बघायचं. बस आली नाही तर मामा कंट्रोलरला विचारत नाहीत. स्टँडवरच्या तीन वेगवेगळ्या माणसांना विचारतात. तिघांनी ‘टायर फुटला’ असं एकच कारण सांगितलं, तर म्हणतात, “ताजी खबर हाय. येतीया अर्ध्या तासात.” एकानं टायर सांगितला, दुसऱ्यानं ड्रायव्हरची बायको बाळंतीण झाल्याचं, तिसऱ्यानं डेपोतला संप, तर पिशवी उचलतात. “सकाळपासनंच न्हाई गाडी. चला, टमटम बघा.” आणि चुकत नाहीत. माझ्या चुलतबहिणीला स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांना त्यांनी चहा पिता पिता एकेकट्याला गाठून मुलाची नोकरी विचारली. वडील म्हणाले बँक, काका म्हणाले विमा, मेहुणा म्हणाला सहकारी सोसायटी. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरगा बेकार हाय. आन् हालीचा न्हाई, जुना बेकार हाय.” स्थळ मोडलं. सहा महिने घरात मामांशी कोणी बोललं नाही, आणि सातव्या महिन्यात ते खरं होतं असं कळल्यावर तर कोणी बोलायलाच तयार होईना.

माझं आणि त्यांचं भांडण पत्रकांवरून. मी एचआयव्हीबद्दल जागृती करणाऱ्या एका छोट्या गटात काम करते. पत्रकं लिहिणं माझ्याकडे आहे. लिहिलेलं छापायच्या आधी मामांना दाखवायची चूक मी सुरुवातीपासून केली. त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल आहे. तिनं ते आधी माझी सगळी उद्गारचिन्हं खोडतात. “पुढारीणबाई, वरडायलीस कामून? आजारी मानूस बहिरा नसतो.” मग विशेषणं खोडतात. मग जे उरतं त्याच्याखाली लिहितात, ‘हे तुला कसं ठाऊक?’ एका पत्रकात मी लिहिलं होतं: ‘आपल्या भागात हा आजार आता गरोदर स्त्रियांमध्ये पसरतोय.’ सरकारी दवाखान्यात त्या महिन्यांत ज्यांच्यात तो सापडला त्या बहुतेक गरोदर बायका होत्या, म्हणून लिहिलं. मामांनी ते वाक्य एवढ्या जोरात खोडलं की कागद फाटला. “सापडायलंय आन् पसरायलंय ह्यात फरक हाय, पोरी.” मला वाटलं, म्हातारा कीस काढतोय. पत्रकं निघायची घाई होती. मी ते वाक्य तसंच छापलं, आणि पुढं तीन उद्गारचिन्हं माझ्या मनानं टाकली.

हा फरक त्यांनी मला एकदा त्यांच्या तुरीच्या रानात उभं करून समजावला होता. “रक्ताचा रिपोर्ट एवढंच सांगतो की आजार हाय. कवापासनं हाय, ते सांगत न्हाई. दोन म्हयन्याचा बी ‘हाय’, आन् धा सालाचा बी ‘हाय’च. आता ही तूर बघ. दुकानातनं एकच बी आनून पेरलं, की पहिल्या साली रान कसं दिसतंय?”

“एकसारखं.”

“एका उंचीचं, एका येळेला फुलनारं. मग तेच घरचं बी धर, दरसाली पेर. पाच-सहा सालानं एक झाड बुटकं, एक उंच, एकाची शेंग हिरवी, एकाची काळपट. वाटंनं जानारा बी सांगंल की हे बी लई सालाचं हाय. ह्यो विषाणू तसाच. शिरतो तवा बहुतेक येळा एकाच बियाचा. मग सोताची नक्कल करीत सुटतो, आन् नक्कल करन्यात लई गबाळा. दर नकलंत चूक. ताज्या मानसाच्या रक्तात सगळे विषाणू एका छापाचे, जुन्याच्या रक्तात जत्रा. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ती जत्रा किती मोठी हाय ते वाचत्यात. आमी नमुने धाडतो. नाव न्हाई, गाव न्हाई, नुसता नंबर. त्यावरून कळतं की आजार आज कुठं पसरायलाय आन् कुठं नुसता जुनाच आता उघडकीला आलाय. जिथं आज पसरायलाय तिथं आधी पळायचं.” स्वतःच्या आयुष्यात एवढं लांबलचक भाषण त्यांनी आत्याला मागणी घालतानाही केलं नसेल.

आता सुमनचं सांगते. सुमन माझी कॉलेजच्या हॉस्टेलवरची मैत्रीण. बापाची चिंताकीला कोरडवाहू जमीन, पोरगी हुशार, बी.ए. झाली आणि चिटगुप्प्याला एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरात दिली. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. नवरा खताच्या दुकानात हिशेबनीस, बोलायला गोड, अंगानं किरकोळ. वर्ष व्हायच्या आत दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नेहमीच्या तपासण्या झाल्या, आणि एचआयव्हीचा रिपोर्ट ‘आहे’ असा आला. समुपदेशक बाईंनी नवऱ्यालाही तपासणीला बोलावलं. तो आला नाही. गुरुजी म्हणाले, त्याची गरज नाही. घरात आजवर असलं काही नव्हतं, ही आल्यावर सापडलं, तेव्हा हिनंच आणलं. एवढं सोपं. बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत ही चूक घराघरात होते, शिकलेल्या घरात जरा जास्तच ठामपणे. तपासणी होते फक्त सुनेची, कारण पोट तिचं असतं. म्हणून आधी सापडते ती सून. आणि आधी सापडली म्हणून गुन्हेगारही तीच. सुमननं दोन महिने गोळ्या पदराआड घेतल्या, वेगळ्या ताटात जेवली, मग पंचमी आली आणि पेटी भरली गेली.

पंचमी होऊन पंधरा दिवस झाले तरी तिला न्यायला कोणी गेलं नाही. तिचा फोन आला तेव्हा मी तडक मामांकडे गेले. “मामा, ती तुरीच्या रानाची चाचणी करा. सुमनची करा, तिच्या नवऱ्याची करायला लावा. हिचा आजार ताजा निघेल, त्याचा जुना. कागद गुरुजींच्या तोंडावर मारते.”

मामा नखं कापत होते. मान वर न करता म्हणाले, “आन् तिचाच जुना निघाला तर?”

मी ओढणी सारखी केली.

“बोल की. मग गुरुजीला काय सांगनार? बरोबर हाय तुमचं, ऱ्हाऊ द्या भाईर?”

“पण तो निघणार नाही!”

“कशावरनं? दोन बियाचे विषाणू एकदमच शिरले तर कालचा आजार बी जुन्यावानी दिसतो. गोळ्या चालू झाल्या की वाचायला कायच गावत न्हाई, आन् सुमन गोळ्या खायलीया. हजार मानसं मोजताना अशी चूक चालून जाते. एकीचा संसार मोजताना चालत न्हाई. ती चाचनी जिल्ह्याची हाय, सुनेची न्हाई.” नेलकटर बंद करून त्यांनी खिशात टाकलं. “तू बी गुरुजीसारकंच इचारायलीस, पोरी. आनलं कुनी? फकस्त तुझा गुन्हेगार दुसरा हाय.”

मी इतकी चिडले की चहा न घेता उठले. त्यांनी हाक मारली, “बस. पायताण घालतो. गुरुजीकडं जाऊ.”

गुरुजींच्या ओसरीवर आमचं स्वागत छान झालं. गुरुजी इस्त्रीचे कपडे घालून पेपर वाचत होते. मामांनी सुमनचं नावही काढलं नाही. तिच्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, “तब्येत उतरलीया पोराची. मागं दवाखान्यात व्हता म्हनं, लग्नाच्या आधी?” गुरुजी म्हणाले, टायफॉइड झाला होता. आतून सासूबाई म्हणाल्या, “कावीळ हो, तेलकट खाऊन खाऊन.” चहा घेऊन आलेली सुमनची थोरली जाऊ सहज बोलून गेली, “छातीत पाणी झालतं की भावजींच्या.” आणि तो स्वतः म्हणाला, “काही नाही, अशक्तपणा.” चार तोंडं आणि चार आजार. मी मामांकडे बघितलं. मामा बशीत चहा ओतत होते.

मग गुरुजींनी पेपरच्या घडीतून एक कागद काढला आणि चष्मा सारखा करून वाचला, “‘आपल्या भागात हा आजार आता गरोदर स्त्रियांमध्ये पसरतोय!!!’ हे तुमच्याच गटाचं पत्रक ना, बाई? मग आमच्या घरात गरोदर कोण होतं?”

ते वाक्य माझं होतं. तीन उद्गारचिन्हांसकट. तिथं बसल्या जागी जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. मामा म्हणाले, “गुरुजी, तुमी चाळीस पोरांच्या वर्गात एकाच पोराची पाटी तपासली, तर चुका कुनाच्या निघतील?”

“माझ्या मुलाची पाटी कोरी आहे.”

“कोरी न्हाई. तपासली न्हाई.”

गुरुजी उठून आत गेले. आम्ही बाहेर पडलो, तर मी रस्त्यावरच नाचायला लागले. “मामा, चार आजार! म्हणजे जुनं आहे. लग्नाच्या आधीपासून सगळ्या घराला ठाऊक होतं!”

“व्हय. मला बी तसंच वाटायलंय,” मामा म्हणाले. “पर वाटलेलं रिपोर्टवर लिवता येत न्हाई.” आणि मला तिथंच सोडून ते मागं वळले. सुमनचा नवरा स्कूटर पुसत उभा होता. लिंबाच्या झाडाखाली मामा त्याच्याशी तासभर बोलले. मी लांबून बघत होते. तो आधी हसला, मग स्कूटरच्या सीटवर बसला, मग त्यानं तोंड झाकलं. परत येताना मी विचारलं, “काय म्हणाला? तपासायला जाणार?” मामा म्हणाले, “त्याला इचार.” आज इतकी वर्षं मी विचारतेय. आत्यानं विचारलं, सुमननं विचारलं. “त्याला इचार.” बिस्किटाच्या पुड्याची तारीख जगाला सांगणारा हा माणूस, पण रक्तातलं काही त्याच्या तोंडून निघत नाही. हे चांगलं आहे हे मला पत्रकात लिहिताना पटतं. सुमनच्या समोर बसल्यावर पटत नाही.

तो गेला असेल तर कलबुर्गीला गेला असेल. आमच्याकडे बीदरचे लोक तपासायला कलबुर्गीला जातात आणि कलबुर्गीचे बीदरला येतात. अफजलपूरचे सोलापूर गाठतात. वाटेत हुमनाबादला दोन्हीकडच्या बसा शेजारी शेजारी थांबतात, तेव्हा खिडकीतली माणसं एकमेकांना ओळख देत नाहीत. नावंही खोटी सांगतात. मामा सांगायचे, एका आठवड्यात त्यांच्याकडे सात जण ‘संतोष’ म्हणून आले आणि सातांपैकी एकही हाकेला वळला नाही. सगळं पुरुषांचं हं. बायकांना अशी सोय नाही. त्यांची तपासणी गावातल्या दवाखान्यात, खऱ्या नावानं, आशाताईच्या समोर होते.

सुमनला मुलगा झाला. तिनं एकही गोळी चुकवली नाही, बाळालाही औषध वेळेवर दिलं, आणि दीड वर्षानं त्याचा शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. आठ दिवसांत चिंताकीत गाडी आली. गुरुजी, हातात पेढे आणि बाळाला शर्ट. मामा आणि मी तिथंच होतो. गुरुजी म्हणाले, “झालं गेलं राहू दे. नातू आमच्या घरात वाढावा. तुझ्या औषधाचं आम्ही बघू, तू इथंच राहा.”

सुमन चहा गाळत होती. “पोराचा रिपोर्ट बघून आलाव, गुरुजी. येताना तुमच्या पोराचा बी घेऊन यायचा.”

“तो विषय आता कशाला?”

“मग चा घ्या आन् जावा.”

त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. पेढे तेवढे परत नेले. मामांनी आपला कप संपवला, मग गुरुजींचा उचलला आणि तोही संपवला, आणि बशी पुसत म्हणाले, “आलं चांगलं पडलंय.” सुमन हसली आणि मग बराच वेळ चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून बसली. गावात अजून म्हणतात की तिनंच आणला. नळावर तिची घागर शेवटी लागते. तिनं मला सांगितलं होतं, माझं खरं नाव छाप, मी काय चोरी केलीय? मी छापणारच होते. मामांनी लाल पेन्सिलीनं ते खोडलं आणि वर ‘सुमन’ लिहिलं. “नाव तिचं हाय, पर शाळंत पोरगं जानार हाय.” यावेळी मी ऐकलं, सासर-माहेरच्या गावांची नावंही बदलली.

मामा आता निवृत्त आहेत. हात थोडा थरथरतो, त्यामुळे चिठ्ठ्यांवरची अक्षरं वाचता येत नाहीत आणि आत्या म्हणते बरं झालं. महिन्यातून एकदा ते चिंताकीला जातात आणि सुमनबरोबर गोळ्या आणायला बीदरला येतात. गरज काही नाही, ती एकटी येऊ शकते. पण तिच्या शेजारच्या सीटवर कोणी बसत नाही म्हणून ते बसतात, तिच्या बाटलीतलं पाणी पितात, आणि वाटेतलं औराद सुटायच्या आत झोपतात. झोपेत त्यांचं डोकं हळूहळू तिच्या खांद्यावर येतं. ती हलत नाही. सगळी बस वळून वळून बघते, आणि त्या एवढ्या मोठ्या गाडीत बघण्यासारखं खरंच तेवढंच असतं.

तेव्हा हे वाचणाऱ्या दादांनो, अण्णांनो, गुरुजींनो, तुमच्याकडे मी हळहळ मागत नाही. कोणी आणला हा प्रश्न आजपासून तुमच्या घरात बंद करा. आणि तुमची बायको, तुमची सून दवाखान्यात जाईल त्या दिवशी तिच्याबरोबर घरातला पुरुष जाऊ दे. कलबुर्गीला नाही, सोलापूरला नाही. आपल्याच गावच्या दवाखान्यात, आपल्या खऱ्या नावानं, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, आणि तिच्या आधी तुमचा हात पुढं करा.